सोडियम एवढंसं, तरी आत का जात नाही?

"ताई, मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे, विषय बायोलॉजी. सेल मेम्ब्रेनचं, म्हणजे पेशीच्या बाहेरच्या पटलाचं, चॅप्टर तोंडपाठ आहे, आकृती डोळे मिटून काढते. पण परवा व्हायवाला सरांनी विचारलं की रक्ताइतक्याच तीव्रतेचं युरियाचं द्रावण घेतलं आणि त्यात तांबड्या पेशी टाकल्या तर काय होईल? मी म्हटलं काही नाही होणार, आयसोटॉनिक आहे ना, म्हणजे पाणी ना आत जाणार ना बाहेर. सर म्हणाले फुटतील, आणि पुढच्या मुलीला बोलावलं. तेव्हापासून सगळंच डळमळलंय. मेम्ब्रेनचा मधला भाग तेलकट, मग पाणी जातं कसं? आणि पाणी जातं तर सोडियम एवढंसं असून का जात नाही? मैत्रीण म्हणते डोकं चालवू नकोस, पाठ कर आणि पास हो. मी चुकीच्या विषयात आलेय का? – गोंधळलेली"

अगं, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, चुकीच्या विषयात आलेली नाहीस. सोडियम लहान असून का अडतं हा प्रश्न पडायला चॅप्टर नीट वाचलेलं असावं लागतं आणि वर थोडा विचारही केलेला असावा लागतो, आणि तू दोन्ही केलंयस. अडचण तुझ्यात नाही, तुला जे एक सोपं वाक्य शिकवलं गेलंय त्यात आहे. "लहान ते जातं, मोठं ते अडतं." हे वाक्य डोक्यातून काढून टाक. त्याच्यामुळे मेम्ब्रेन म्हणजे बारीक भोकांची चाळणी वाटायला लागते आणि मग पुढचा एकही प्रश्न सुटत नाही, कारण तशी भोकं तिथे नाहीतच. मेम्ब्रेनपाशी आलेल्या रेणूचा आकार नंतर बघ, आधी हे बघ की याला पाणी सोडणं किती जड जाणार आहे. मी खाली सगळं या एका गोष्टीवरूनच सांगणार आहे.

आधी मेम्ब्रेन तयार कसं होतं ते. फॉस्फोलिपिडचा एक रेणू डोळ्यासमोर आण, डोक्याकडे फॉस्फेट, त्यावर चार्ज, त्यामुळे डोक्याचं पाण्याशी छान जमतं, आणि खाली दोन लांब शेपट्या, नुसते कार्बन आणि हायड्रोजन, चार्ज नाही काही नाही. पाण्याचे रेणू एकमेकांना सतत हायड्रोजन बाँडने धरत असतात, सोडत असतात, पुन्हा दुसऱ्याला धरत असतात. या शेपटीला काही धरता येत नाही, मग तिच्या आजूबाजूच्या पाण्याला एका ठरावीक रचनेत अडकून राहावं लागतं आणि त्याचा मोकळेपणा जातो. शेपट्या एकमेकींत लपल्या की पाणी मोकळं होतं. म्हणून शेपट्या आत, डोकी दोन्हीकडे बाहेर, असे दोन थर. हे कोणी जोडत नाही, पाण्यात आपोआप होतं, आणि बारीकसं फाटलं तर मिटतंही आपोआप, कारण कड उघडी राहिली की शेपट्या परत पाण्याला लागतात. म्हणजे बघ, मेम्ब्रेन एकत्र धरून ठेवणारं बळ मुख्यतः पाण्याचं आहे. हे कळलं की निम्मं चॅप्टर कळलं असं मला अगदी मनापासून वाटतं.

जाडी सगळी मिळून ७-८ नॅनोमीटर, त्यातला तेलकट भाग तर ३-४ नॅनोमीटरच. एवढ्याशा थरावर सगळं चाललंय.

थर दोनच आहेत हे लोकांना कळलं कसं तेही वाच, कारण पाठांतरापेक्षा हे जास्त लक्षात राहतं. १९२५ मध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोघांनी तांबड्या पेशींमधलं सगळं लिपिड अ‍ॅसिटोनने काढलं, पाण्यावर एकेरी थरात पसरलं आणि त्याचं क्षेत्रफळ मोजलं तर ते पेशींच्या पृष्ठभागाच्या साधारण दुप्पट भरलं. दुप्पट म्हणजे दोन थर. तांबडी पेशी निवडली हे महत्त्वाचं, तिच्यात न्यूक्लियस नाही, आत दुसरी मेम्ब्रेन नाहीत, जे लिपिड निघेल ते बाहेरच्या पटलाचंच. नंतर लक्षात आलं की त्यांचं लिपिड पूर्ण निघालंच नव्हतं आणि पेशीचं क्षेत्रफळही त्यांनी कमी धरलं होतं, दोन चुका एकमेकींना खाऊन गेल्या आणि उत्तर बरोबर आलं! आणि हे थर गोठलेले नाहीत, वाहते आहेत, हे १९७० मध्ये फ्राय आणि एडिडिन यांनी दाखवलं, माणसाची पेशी आणि उंदराची पेशी एकत्र जोडली, दोघांच्या प्रोटीन्सना वेगवेगळ्या रंगाचे चमकणारे टॅग लावले, सुरुवातीला अर्धी बाजू एका रंगाची अर्धी दुसऱ्या, आणि शरीराच्या तापमानाला ४० मिनिटांत सगळी सरमिसळ. थंडीत ठेवल्यावर मिसळले नाहीत. त्यानंतर दोन वर्षांनी सिंगर आणि निकोल्सन यांचं फ्लुइड मोझेक मॉडेल आलं, जे तू डोळे मिटून काढतेस ते. कोलेस्टेरॉल, शेपटीतला वाक, ग्लायकोप्रोटीन हे सगळं पुस्तकात बरं दिलेलं असतं, त्यात मी वेळ घालवत नाही.

आता सोडियम. तुझ्या आकृतीत सोडियमचा आयन, म्हणजे चार्ज असलेला अणू, हा एक ठिपका आहे, त्यावर अधिकचं चिन्ह. पण पाण्यात सोडियम कधीच असा उघडा फिरत नाही. चार्जमुळे पाण्याचे रेणू आपली ऑक्सिजनची बाजू त्याच्याकडे करून त्याला घट्ट वेढून बसतात, अगदी जवळच पाच-सहा रेणू, त्यांच्या बाहेर आणखी सैलसर एक वेढा. तेलात शिरायचं तर हा वेढा सोडावा लागणार, आणि तो सोडवायला मोलमागे ४०० किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा लागते. तुलनेला सांगते, पाण्यातला एक हायड्रोजन बाँड तोडायला साधारण २० पुरतात. आणि तेलात त्या बदल्यात सोडियमला मिळणार काय? काहीच नाही. म्हणून तो शिरत नाही. लहान असून नाही, उलट लहान असल्यामुळेच, कारण आयन जितका लहान तितका चार्ज एका जागी एकवटलेला आणि पाणी तितकं घट्ट. पोटॅशियम आकाराने मोठा पण त्याचा पाण्याचा वेढा सैल.

पाण्याचं तसं नाही. पाण्याच्या रेणूवर पूर्ण चार्ज नाही, नुसती एक बाजू थोडी अधिक, दुसरी थोडी उणे. तेलात शिरायला त्याला दोन-चार हायड्रोजन बाँड सोडावे लागतात, ते जडच आहे पण अशक्य नाही, आणि बाहेर पाण्याचे रेणू इतके अफाट संख्येने आहेत की त्यातले काही सतत शिरतच असतात. नुसता लिपिडचा थर घेतला, प्रोटीन एकही नाही, तरी पाणी त्यातून सोडियमपेक्षा साधारण अब्जपट जास्त सहज जातं. म्हणजे तुझ्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, पाणी तेलातून जातं पण कष्टाने, सोडियम जातच नाही म्हटलं तरी चालेल, आणि फरक आकाराचा नाही, मागे काय सोडावं लागतं त्याचा आहे. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडला सोडायला फारसं काही नसतंच, ते सरळ निघून जातात. ग्लुकोजला पाच ठिकाणी हायड्रॉक्सिल, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, आहेत, प्रत्येक पाण्याला धरून बसलेलं, तो अडकतो. हा क्रम आता तुला पाठ करायची गरज नाही, रेणूचं चित्र बघून स्वतःच लावता येईल.

पण किडनीला किंवा तांबड्या पेशीला हे कष्टाने जाणारं पाणी पुरत नाही. तिथे पाणी वेगाने इकडून तिकडे जायला पाहिजे, आणि बरीच वर्षं कुणाला कळत नव्हतं की हा वेग येतो कुठून. पीटर अ‍ॅग्रे यांना तांबड्या पेशीच्या मेम्ब्रेनमध्ये एक प्रोटीन भरपूर प्रमाणात सापडलं होतं, काम माहीत नव्हतं. मग १९९२ मध्ये एक प्रयोग झाला, तो मला फार आवडतो. बेडकाची अंडी घेतली, अंडाशयातली, ती पाणी अगदी कमी आत घेतात, बेडूक गोड्या पाण्यात राहतो म्हटल्यावर बरोबरच आहे. काही अंड्यांमध्ये या प्रोटीनचा आरएनए टोचला, म्हणजे अंडं ते प्रोटीन स्वतःच बनवून मेम्ब्रेनमध्ये बसवेल. मग सगळी अंडी पातळ द्रावणात सोडली. साधी अंडी होती तशीच राहिली आणि प्रोटीनवाली फुगत फुगत काही मिनिटांत फुटली. बास, पाण्याचं चॅनेल सापडलं. अ‍ॅक्वापोरिन त्याचं नाव, आणि २००३ मध्ये केमिस्ट्रीचं नोबेल.

एका अ‍ॅक्वापोरिनमधून सेकंदाला ३ अब्जांच्या घरात पाण्याचे रेणू जातात, एकामागे एक, एका रांगेत, कारण सगळ्यात अरुंद जागी रुंदी फक्त ०.२८ नॅनोमीटर, म्हणजे पाण्याच्या एका रेणूइतकीच. आता इथे तू विचारशील की मग सोडियम यातून का नाही जात, उघडा सोडियम तर पाण्याच्या रेणूपेक्षाही लहान! पुन्हा तेच. वेढ्यासकट सोडियम मावत नाही, आणि वेढा सोडून जायचं तर या चॅनेलच्या भिंतीवर त्या वेढ्याची जागा घेणारं पुरेसं काही नाही, वर अरुंद जागी अधिक चार्ज असलेलं एक अमिनो आम्ल बसलंय ते अधिक चार्जवाल्याला ढकलतंच.

याच्या उलट पोटॅशियमचं चॅनेल बघ. त्याच्या अरुंद भागात ऑक्सिजन अशा अंतरावर लावलेत की पोटॅशियमने पाणी सोडलं तर त्याला भोवती तसाच्या तसा ऑक्सिजनचा वेढा मिळतो, काही गमावल्यासारखं होतच नाही. सोडियम लहान असल्यामुळे त्या सगळ्या ऑक्सिजनपर्यंत नीट पोचत नाही, त्याला हा सौदा परवडत नाही, म्हणून तो बाहेर राहतो. मोठा आत आणि लहान बाहेर! निवड इतकी कडक की साधारण दहा हजार पोटॅशियम जातात तेव्हा एखादा सोडियम. ही रचना रॉडरिक मॅकिनन यांनी उलगडली, अ‍ॅग्रे यांच्याबरोबरच २००३ चं नोबेल त्यांनाही मिळालं. "लहान ते जातं" हे वाक्य काढून टाक असं मी वर एवढ्या जोराने का म्हटलं ते आता कळलं असेल.

आता युरिया. सरांनी उत्तर सांगून सोडून दिलं, कारण सांगायला हवं होतं, कारण त्यातच सगळी मजा आहे. तांबड्या पेशीच्या आत विरघळलेल्या गोष्टींची एकूण तीव्रता ३०० मिलिऑस्मोलच्या (विरघळलेले कण मोजायचं एकक) आसपास, त्यात मुख्य पोटॅशियम, क्लोराइड, हिमोग्लोबिन वगैरे. बाहेर तू ३०० चं युरिया ठेवलंस, लिटरला १८ ग्रॅम. पहिल्या क्षणी आत ३०० बाहेर ३००, पाण्याला हलायचं कारण नाही, इथपर्यंत तुझं बरोबर आहे. पण युरिया थांबत नाही. तो लहान, चार्ज नसलेला, आणि तांबड्या पेशीच्या मेम्ब्रेनमध्ये तर युरियासाठी वेगळं प्रोटीनच आहे. बाहेर युरिया ३००, आत शून्य, मग तो आत धावतो. आतलं पोटॅशियम हिमोग्लोबिन मात्र जागचं हलत नाही. म्हणजे आत आधीचे ३०० अधिक आलेला युरिया, आतली एकूण तीव्रता वाढत चालली, आणि तिच्यामागे पाणी आत. पाणी आलं की आतला युरिया पातळ होतो, मग आणखी युरिया आत, मागोमाग आणखी पाणी, आणि हे कुठे थांबायलाच तयार नाही कारण आतलं हिमोग्लोबिन बाहेर जाऊ शकत नाही आणि बाहेर त्याला तोल देणारं, आत न शिरणारं असं काहीच नाही. शेवटी पेशी फुटते. लॅबमध्ये करायला मिळालं तर टेस्ट ट्यूबमागे छापील कागद धर, आधी द्रावण गढूळ लाल असतं, अक्षरं दिसत नाहीत, आणि काही सेकंदांतच ते पारदर्शक लाल होतं आणि अक्षरं वाचता येतात. पेशी फुटल्या, प्रकाश विखुरणारं काही उरलं नाही.

तेच मिठाच्या ०.९ टक्के द्रावणात काही होत नाही. त्याचीही तीव्रता ३०८, म्हणजे जवळपास तेवढीच, पण सोडियम आत जाऊन राहत नाही. तेव्हा फक्त तीव्रतेचा आकडा बघून आयसोटॉनिक म्हणायचं नाही, जे विरघळलंय ते मेम्ब्रेन ओलांडून आत जातं की बाहेरच थांबतं हे विचारायचं. दोन द्रावणांची ऑस्मोलॅरिटी, म्हणजे विरघळलेल्याची एकूण तीव्रता, सारखी असू शकते आणि टॉनिसिटी, म्हणजे त्यात पेशी फुगते की आक्रसते ते, वेगळी. परीक्षेत यावर मार्क जातात म्हणून नाही सांगत, पुढे फिजिऑलॉजी शिकताना हे पक्कं नसेल तर प्रत्येक पानावर अडखळशील.

आणखी एक गोष्ट जी पुस्तकात ठळक लिहायला हवी असं मला वाटतं, पेशीकडे पाण्याचा असा पंप नाही. पाणी हवं तिकडे न्यायचं तर पेशी आधी मीठ किंवा दुसरं काहीतरी हलवते आणि पाणी त्याच्यामागे जातं. सोडियम-पोटॅशियम पंप, येन्स स्काऊ यांनी १९५७ मध्ये शोधलेला, एक एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं नाणं, खर्च करून ३ सोडियम बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो. आराम करत असलेल्या शरीराच्या ऊर्जेतला मोठा वाटा या एका कामावर जातो. का एवढा खर्च? एक कारण आत्ताच बघितलेलं आहे, पेशीच्या आत प्रोटीन्स अडकलेली आहेत, त्यांच्यामुळे पाणी सतत आत यायला बघतं, तर सोडियम सतत बाहेर फेकून पेशी तो तोल सांभाळते. हा पंप औषधाने बंद पाडला की प्राण्यांच्या पेशी हळूहळू फुगायला लागतात. झाडांच्या पेशींना मेम्ब्रेनच्या बाहेर भित्तिका, म्हणजे कडक भिंत, असते म्हणून त्यांना ही भीती कमी, त्या आतून दाब घेऊन टणक होतात आणि भित्तिका धरून ठेवते.

आणि बाहेर फेकलेलं सोडियम वाया जात नाही बरं का. ते परत आत यायला उत्सुक असतं, आणि आतड्यातल्या पेशी त्याचा उपयोग करून घेतात, सोडियमला आत येऊ देतात पण अटीवर की ग्लुकोज बरोबर आण. त्या दोघांच्या मागे पाणी. जुलाब झालेल्याला नुसतं पाणी न देता ओआरएस देतात ते म्हणूनच. जागतिक आरोग्य संघटनेच्या फॉर्म्युल्यात लिटरला ७५ मिलिमोल ग्लुकोज आणि ७५ मिलिमोल सोडियम असतं, एकास एक, आणि एकूण तीव्रता २४५, म्हणजे रक्तापेक्षा मुद्दाम कमी, पाणी आतड्याकडे खेचलं जाऊ नये, आतड्यातून शरीरात जावं म्हणून. साखर वाटेल तितकी वाढवली तर उलटं होतं, न शोषलेली साखर आतड्यातच पाणी धरून ठेवते. एका वाहक प्रोटीनच्या वागण्यावर उभं असलेलं हे साधं औषध, आणि त्याने वाचलेल्या मुलांची संख्या अफाट आहे. मैत्रिणीला हे सांग. पाठ करून पास होता येतं हे तिचं खरं आहे, पण ओआरएसमध्ये साखर चवीला घालतात असं समजून पास होण्यात काय अर्थ आहे गं.

राहिलेलं पटकन सांगते. ग्लुकोजचं साधं वाहक प्रोटीन आरपार कधीच उघडं नसतं, एका बाजूने उघडतं, ग्लुकोज घेतं, आकार बदलतं, दुसऱ्या बाजूने उघडतं, म्हणून ते चॅनेलपेक्षा खूप हळू आणि गर्दी झाली की त्याचा वेग वाढायचा थांबतो, आलेखात रेषा आडवी होते ती त्यामुळे. एंडोसायटोसिस, एक्सोसायटोसिसमध्ये रेणू मेम्ब्रेन ओलांडतच नाही, मेम्ब्रेनच त्याला गुंडाळून घेतं किंवा बाहेर सोडतं, तेव्हा ते वेगळ्या पानावर लिही, या यादीत मिसळू नकोस.

आता पुढे काय करायचं. पुस्तक दोन दिवस मिटून ठेव आणि लॅबमध्ये लाल कांद्याचा पापुद्रा घे, बाहेरच्या बाजूचा, जांभळा रंग असलेला, रंग असला की आतलं काय होतंय ते दिसतं. एकच थर यायला पाहिजे, जाड आला तर फेकून दुसरा काढ. एका स्लाइडवर साखरेचं ३० टक्के द्रावण, दुसरीवर युरियाचं ६ टक्के, लॅबमधला शुद्ध युरिया. दोन्हीत थोड्या वेळाने जांभळा भाग भित्तिकेपासून सुटून आत गोळा होईल, यालाच पुस्तकात रससंकोच म्हणतात. ते होत असताना स्वतःला विचार की भित्तिका आणि पटलाच्या मधल्या त्या रिकाम्या जागेत आता काय आहे, व्हायवाला हे हमखास विचारतात आणि बरीच मुलं "हवा" किंवा "काही नाही" म्हणतात. तिथे बाहेरचंच द्रावण आहे, कारण भित्तिका कुणाला अडवत नाही, अडवतं ते पटल. मग घाई करू नकोस, स्लाइड सुकू देऊ नकोस, कव्हरस्लिपच्या कडेने थेंब थेंब तेच द्रावण देत राहा आणि बराच वेळ दोन्ही आलटून पालटून बघत राहा. साखरेतल्या पेशी तशाच आक्रसलेल्या राहतील. युरियातल्या पेशींचा जांभळा भाग हळूहळू, द्रावण न बदलता, परत भित्तिकेकडे सरकायला लागेल. किती वेळ लागला ते लिहून ठेव, आणि का सरकला ते वही न बघता चार ओळींत लिहून सरांना दाखव.

– ताई